कानसेनची डबी

काडेपेटीएवढी एक करडी डबी, पाठीला लोहचुंबक, पोटात बॅटरी आणि कपाळावर एक बारीक दिवा. मित्रांनो, तो मी. माझे काम ऐकण्याचे, पण मला कान नाहीत. यंत्राच्या अंगाला चिकटून बसायचे आणि त्याची थरथर ओळखायची, एवढेच मला शिकवले आहे. शिकलेले लोक मला सेन्सर म्हणतात. आता मी जुना झालो आहे. एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि पाठीवरचा नंबर पुसट झाला आहे.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्या खोलीत झाला. तिथे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला थरथरत्या पाटावर ठेवले आणि माझी परीक्षा घेतली. हलकी थरथर, जोराची थरथर, मध्येच एक धक्का. मी सगळे बरोबर ओळखले. तिने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि मला खोक्यात घातले. मी फार आनंदात होतो. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडणार, याहून मोठा आनंद आमच्या जातीला ठाऊक नाही.

आम्हा बारा भावंडांची नेमणूक एका मोठ्या लाँड्रीत झाली. तिथे रोज इस्पितळांच्या हजारो चादरी धुवायला येत. एका बाजूला धुण्याची यंत्रे, मध्ये ओल्या चादरी गरगर फिरवून पिळणारी यंत्रे, पलीकडे वाळवणी आणि शेवटी घड्या घालण्याचे लांबच लांब टेबल. साबणाची वाफ सगळीकडे भरलेली असे. आमच्यापैकी कोणी मोटारीवर बसले, कोणी वाफेच्या नळीवर. मला बसवले ते सगळ्यांत मोठ्या पिळणी यंत्राच्या बेअरिंगपाशी. यंत्र ठीक असेल तर माझा दिवा हिरवा. काही बिनसू लागले तर पिवळा. धोका असेल तर लाल.

शिवाय मी निरोपही धाडत असे. त्याची मात्र गंमत होती. माझा निरोप शेजारच्या खोलीतल्या मॅनेजरकडे सरळ जात नसे. आधी तो माझ्या कंपनीच्या दूरच्या शहरातल्या मोठ्या संगणकाकडे जाई आणि तिथून उलट फिरून मॅनेजरच्या फोनवर येई. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरे काय! पण हा वळसा डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरा होई, म्हणून त्याचे कुणाला काही वाटत नसे. मलाही वाटत नव्हते.

त्या लाँड्रीत एक फिटर होता. गाणाऱ्याला जसे तानसेन म्हणतात, तसे त्याला सगळे कानसेन म्हणत. स्क्रू ड्रायव्हरचे टोक यंत्राला लावायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग तो सांगे, "ग्रीस संपलंय," किंवा "आतला पट्टा सैल झालाय." तीस वर्षांत त्याचे निदान चुकले नव्हते म्हणे. मी आलो त्या दिवशी त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे घरच्या थोरल्या सुनेने नव्या सुनेकडे पाहावे.

"ही डबी माझ्यापेक्षा जास्त ऐकणार?" तो म्हणाला.

"ऐकू दे की," घडीच्या टेबलावरून एक बाई म्हणाली. "तुम्हाला सोबत होईल."

ती त्याची बायको. लाँड्रीत सगळे तिला काकू म्हणत. ती आणि तिची जोडीदारीण चादरीची चार टोके धरत आणि तीन झटक्यांत चादरीचा चौकोन करून टाकत.

पहिल्या महिन्यातच माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कानसेन स्क्रू ड्रायव्हर यंत्राला टेकवायच्या आधी माझ्या दिव्याकडे चोरून पाहायचा. दिवा हिरवा असला तर डोळे मिटून जरा वेळ उभा राहायचा आणि म्हणायचा, "झकास चाललंय." पिवळा असला की कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "काहीतरी आहे. बंद करा, उघडून बघू."

मित्रांनो, तीस वर्षे यंत्रांच्या धडधडाटात उभे राहून त्याचे कान गेले होते. ज्या कानांवर त्याचे नाव पडले होते, ते कान आता नावापुरतेच उरले होते. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. मला मात्र सांगावेच लागले नाही. मी त्याचा गुप्त कान झालो.

एकदा सकाळी अकराच्या सुमारास मला बेअरिंगमध्ये एक वेगळीच खरखर जाणवली. मी दिवा पिवळा केला, मग लगेच लाल केला. निरोपही धाडला. त्या वेळी सगळ्यात उंच कामगार, ज्याला सगळे लंबू म्हणत, शेजारी उभा राहून पुढच्या चादरी भरण्याची तयारी करत होता. कानसेन वाफेतून धावत आला. स्क्रू ड्रायव्हर टेकवायचेही त्याला भान राहिले नाही.

"बंद कर! लंबू, मागे हो! मागे हो म्हणतो ना!"

यंत्र थांबले. उघडून पाहिले तर बेअरिंगच्या आतल्या गोळ्यांचा भुगा झालेला. आणखी दहा मिनिटे फिरले असते तर ओल्या चादरींनी भरलेले ते जड पिंप उखडून बाहेर आले असते, आणि समोर लंबू होता. लंबू खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

मॅनेजर अर्ध्या तासाने आला. फोन दाखवत म्हणाला, "डबीनं मला कळवलं होतं. मी मीटिंगमध्ये होतो, फोन बघितलाच नाही."

त्या दिवशी सगळ्यांनी कानसेनचे कौतुक केले. मला वाईट वाटले नाही. मी सांगितले होते, पण पाहणारे डोळे त्याचे होते. सगळे पांगल्यावर त्याने खिशातला रुमाल काढला आणि माझ्या अंगावरचे ग्रीस पुसले. "शाबास रे पठ्ठ्या," तो पुटपुटला. ते माझे आयुष्यातले पहिले कौतुक.

अशी सहा वर्षे गेली. आम्हा भावंडांमुळे कुठे वाफ वाया जाते, कोणती मोटार रिकामीच फिरते, हे कळू लागले आणि यंत्रे मोडण्याआधी दुरुस्त होऊ लागली. मग आमच्याहून लहान, आमच्याहून हुशार असे नवे सेन्सर आले. आम्हाला काढून एका खोक्यात टाकले. खोके जिन्याखाली गेले. त्याच सुमाराला कानसेनही निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मॅनेजर त्याला भिंतीवरचे घड्याळ देत होता.

"घड्याळ नको, साहेब," कानसेन म्हणाला. "जिन्याखाली एक डबी पडली आहे, तेवढी द्या."

सगळे हसले. काकू हसली नाही. परतीच्या वाटेवर ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आधी दिव्याकडे बघायचात आणि मग ऐकल्याचं नाटक करायचात."

तो थबकला. "मग बोलली का नाहीस?"

"तुमचं नाटक चांगलं चाललं होतं. मी कशाला पडदा पाडू?"

त्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. पुढे एक खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे हातभर बाल्कनी. कानसेन बाल्कनीत बसून शेजाऱ्यांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. दोन वर्षे मी त्याच्या हत्यारांच्या पेटीत पडून होतो.

मग काकूच्या फुप्फुसांनी दगा दिला. जिना चढणे बंद झाले, मग चालणे, मग पलंगावरून उठणेही जड झाले. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढून देणारे एक यंत्र आले. त्याची नळी काकूच्या नाकाला असे. तिचा आवाज आता फुंकरीएवढा उरला होता आणि कानसेनला तर ढोल वाजला तरी ऐकू येत नव्हते. ती हाक मारायची, तो बाल्कनीत स्क्रू फिरवत बसलेला. तिने घंटी वाजवून पाहिली, ताट वाजवून पाहिले. शेजारी धावून यायचे. हा जागचा हलायचा नाही.

त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. सुट्टीला आली तेव्हा तिने हे पाहिले. हत्यारांच्या पेटीतून तिने मला बाहेर काढले, नवी बॅटरी घातली, घरातल्या इंटरनेटला जोडले, स्वतःच्या ईमेलवर माझी नोंदणी केली, निरोप मात्र बाबांच्या फोनवर येतील असे केले आणि मला ऑक्सिजनच्या यंत्राच्या अंगावर चिकटवले.

"आई, याच्यावर बोटानं टिचकी मार."

काकूने मारली. टिचकी म्हणजे थरथरच. ती मी ओळखली, दूरच्या संगणकाला कळवली, आणि स्वयंपाकघरात कानसेनच्या खिशातला फोन असा काही थरथरला की त्याच्या हातातली पळी खाली पडली.

"कोण आहे? काय झालं?" तो धावत बाहेर आला.

काकू हसू लागली. हसता हसता तिला धाप लागली, तरी थांबेना. "चाळीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "आता कुठं माझं ऐकायला लागलात!"

लेकीने ते वाक्य त्याला मोठ्याने सांगितले. तोही हसला. मित्रांनो, त्या घरात मी ऐकलेले ते सर्वांत मोठे हसू.

त्यानंतरचे वर्ष हे माझ्या आयुष्यातले सोन्याचे वर्ष. एक टिचकी म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा, तीन म्हणजे ताबडतोब या. ऑक्सिजनच्या यंत्राची थरथर मंदावली तर तेही मी कळवत असे. एकदा वीज गेली आणि यंत्र थांबले, पण इंटरनेटला बॅटरीचा आधार होता, म्हणून मी तत्क्षणी कळवले. कानसेन अंघोळ अर्धी टाकून आला आणि त्याने राखीव सिलिंडर जोडला. एरवी काकू दिवसातून तीस तीस वेळा टिचक्या मारायची. उशी सरकली, पडद्यातून ऊन आले, काल काय सांगायचे राहिले ते आठवले.

"खिशात बेडूक बसवलाय पोरीनं," कानसेन कुरकुर करायचा. "सारखा उड्या मारतो."

पण अंघोळीला जातानाही तो फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर नेई. सकाळी उठला की आधी काकूला म्हणे, "मार एक, बघू." फोन थरथरला की मगच चूल पेटवी.

त्या दिवशी सकाळीही त्याने तसेच म्हटले. तिने टिचकी मारली. फोन थरथरला. दहा वाजता चहाच्या दोन टिचक्या पोचल्या. सव्वाअकराला पाण्याची एक पोचली.

दुपारी बारा वाजता माझ्या कंपनीने दूरच्या शहरातला तो संगणक बंद केला.

जुन्या सेन्सरांचा सांभाळ परवडत नाही, असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी कळवलेही होते. दोन महिन्यांत तीनदा लेकीला ईमेल गेली होती. रोज येणाऱ्या शेकडो जाहिरातींच्या ढिगात ती ईमेल पडली होती, न उघडलेली. मला कुणी काही सांगितले नाही. मी निरोप धाडत होतो आणि ते जात आहेत असेच समजत होतो.

जेवण झाल्यावर काकू नेहमीसारखी डुलकी काढू लागली. कानसेन बाल्कनीत शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडून बसला. तिच्या झोपेच्या वेळी फोन गप्पच असे, म्हणून त्याला शंका यायचे काही कारण नव्हते. अडीचला काकू जागी झाली ती घाबरीघुबरी होऊन. तिला उठून बसायचे होते, जमत नव्हते. तिने हात लांब करून माझ्यावर तीन टिचक्या मारल्या. मी त्या ओळखल्या आणि धाडल्या. तिने वाट पाहिली. पुन्हा तीन. "अहो," ती म्हणाली. बोलणे ही देखील थरथरच असते, म्हणून मला ते कळले. पुन्हा तीन. मग मोजमाप राहिले नाही. बोटाऐवजी ती नखाने खरवडू लागली. प्रत्येक वेळी मी निरोप धाडला. ज्या दाराशी मी तो ठेवत होतो, त्या दारामागे कुणीच राहिले नव्हते.

यंत्र नीट चालले होते. ऑक्सिजन येत होता. त्यामुळे माझा दिवा हिरवा होता. तिचे काय होत आहे हे दाखवणारा रंग मला दिलेलाच नव्हता.

शेवटची टिचकी अगदी हलकी होती. ती मिळून सतरा.

सव्वातीनला कानसेनला वाटले, आज फारच झोपली. त्याने आपल्या मनाने दोन कप चहा केला आणि पुढच्या खोलीत आला. त्याने सवयीने माझ्याकडे पाहिले. हिरवा. त्याने यंत्रावर तळहात ठेवला. यंत्र चालू. मग तो खुर्ची घेऊन पलंगाशी बसला. तिची झोप मोडू नये म्हणून त्याने खुर्ची उचलून ठेवली होती. त्याने आपला चहा प्यायला सुरुवात केली. अर्धा कप संपला तेव्हा तो म्हणाला, "अगं, ऊठ आता. निवतोय."

आणि त्याने तिच्या हाताला हात लावला.

मित्रांनो, पुढचे मी सांगत नाही. सांगायला हवे एवढेच की खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले आणि म्हणाले की हृदय थांबले. कुणी त्या क्षणी जवळ असते तर वाचली असती का, असे लेकीने त्यांना संध्याकाळी विचारले. "सांगता येत नाही," ते म्हणाले. वाचली असती, असे म्हणाले असते तर लेक कोसळली असती. वाचली नसती, असे म्हणाले असते तर जरा सावरली असती. सांगता येत नाही, हे मात्र माणसाला ना जगू देते ना झोपू देते.

चौथ्या दिवशी सकाळी लेकीने मला वायरने आपल्या संगणकाला जोडले. माझ्या पोटात सगळ्या नोंदी होत्या. तिने त्या वाचल्या. मग ती ईमेलच्या ढिगात शोधू लागली. ती तीन पत्रे सापडली तेव्हा तिच्या हातातला मी खाली पडलो. कोपऱ्याचा टवका उडाला तो तेव्हा.

कानसेन स्वयंपाकघरात भांडी पुसत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, आईनं टिचक्या मारल्या होत्या. त्यांनी सेवा बंद केली होती. मला कळवलं होतं, मी बघितलं नाही."

"काय?" कानसेनने कान पुढे केला.

"मला ईमेल आली होती, बाबा. मी उघडली नाही."

"मोठ्यानं बोल, बाळा. काय आली होती?"

मित्रांनो, आपला अपराध कबूल करणे किती कठीण असते हे तुम्हाला ठाऊक असेल. तिला तो ओरडून कबूल करावा लागला.

"सतरा वेळा, बाबा! आईनं तुम्हाला सतरा वेळा बोलावलं! माझ्यामुळे पोचलं नाही!"

शेजारच्या घरातला नळ बंद झाला. जिन्यात कुणीतरी चढता चढता थांबले. कानसेन हातातले ताट पुसत राहिला. ते केव्हाच कोरडे झाले होते.

"मी चौदा पावलांवर होतो," तो म्हणाला. "मोजली मी काल. मध्ये एकदा फोन काढून बघितलासुद्धा. काही नव्हतं, परत ठेवून दिला. मला फार बरं वाटत होतं त्या वेळी. पंखा सुरू झाला होता."

"बाबा, माझ्यावर रागवा तरी."

"तुझी ती ईमेल आणि माझे हे कान. कुणाचं किती, याची वाटणी करत बसलो तर दोघं मरू." त्याने ताट जागेवर ठेवले. "जा, तोंड धू. काही खाल्लं नाहीस दोन दिवस."

महिन्याभराने ऑक्सिजनचे यंत्र समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या शिक्षकांना दिले गेले. यंत्र पोचवण्याआधी कानसेनने मला त्यावरून सोडवले. मग त्याने साधी वायर, एक खटका आणि एक मोठा बल्ब घेऊन शिक्षकांच्या पलंगापासून त्यांच्या सुनेच्या ओट्यापर्यंत जोडणी केली. रोज सकाळी आठ वाजता तो समोर जातो. ओट्यापाशी उभा राहतो आणि म्हणतो, "दाबा, मास्तर." बल्ब लागतो. तो मान हलवतो आणि परत येतो. एकही दिवस चुकलेला नाही.

मला लेक आपल्याबरोबर घेऊन आली. तिने माझ्या कंपनीला पत्र लिहिले. लोकांना ईमेल करून थांबू नका, ती वाचली का ते विचारा, आणि ज्या डबीची सेवा बंद करता तिचा दिवाही विझवा, असे तिने लिहिले. उत्तर लगेच आले. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असे त्यात होते. खाली कुणाचे नाव नव्हते.

मित्रांनो, माझ्यावर रुसू नका आणि माझ्या भावंडांना घराबाहेर काढू नका. आम्ही उपयोगाचे आहोत. लंबू आज आपल्या लेकरांत आहे, आणि काकूला एक वर्ष तिचा आवाज परत मिळाला होता. पण आम्हाला घरात आणाल तेव्हा आमचा निरोप कुठून कुठे जातो ते विचारा. वाटेत कोण बसला आहे, आणि तो उठून गेला तर तुम्हाला सांगणार कोण, तेही विचारा. आमच्या दिव्यावर विश्वास ठेवा, पण माणसापाशी जायचे ते जात चला.

मी आता लेकीच्या टेबलावर असतो. ती दिवसभर काम करते तेव्हा टेबल बारीक थरथरते. ती बोटांची थरथर. कधी कधी मात्र बोटे थांबतात, ती कपाळ टेबलावर टेकवते आणि टेबल वेगळेच हलू लागते. दाराबाहेर तिच्या सोबतिणी हसत बोलत असतात. त्यांना काही ठाऊक नसते. मला ते ओळखता येते आणि मी ते कुणाला कळवू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगितले.